हाती सोपवलेले

रविवारच्या मिस्सेत वाचनमंचावर उभे राहून पहिले किंवा दुसरे वाचन करण्याची सेवा मी बऱ्याच वर्षांपासून करीत आले आहे. शाळेत शिकवीत असताना सुरू झालेले हे काम निवृत्तीनंतरही चालू आहे. बाहेरून पाहणाऱ्याला ते किरकोळ वाटेल. ग्रंथ उघडावा, नेमलेला उतारा स्पष्ट उच्चारांत वाचावा आणि आपल्या जागी परत यावे, एवढेच त्याचे स्वरूप. परंतु कॅथलिक श्रद्धेत पवित्र शास्त्र, परंपरा आणि चर्चचा अधिकार या तिघांचे परस्परांशी नाते काय, याविषयी मला जे थोडेफार उमगले, ते धर्मशिक्षणाच्या पुस्तकांइतकेच या मंचावर उमगले.

तेथे उभे राहणाऱ्याला निवडीचे स्वातंत्र्य नसते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर 1969 साली रोमने नवा वाचनक्रम प्रसिद्ध केला. त्यानुसार रविवारची वाचने तीन वर्षांच्या चक्रात येतात. एका वर्षी प्रामुख्याने मत्तयचे शुभवर्तमान, दुसऱ्या वर्षी मार्कचे, तिसऱ्या वर्षी लूकचे; योहानच्या शुभवर्तमानाला मुख्यतः ईस्टरच्या काळात स्थान मिळते. वसईच्या एखाद्या धर्मग्रामात ज्या रविवारी जो उतारा वाचला जातो, तोच त्या रविवारी जगभरातील बहुतेक कॅथलिक मंदिरांत वाचला जातो. माझी त्या दिवशीची मनःस्थिती किंवा माझ्या आवडीचे अध्याय यांचा त्या क्रमाशी काही संबंध नाही. घरात आजारपण असताना मी विजयाची स्तोत्रे वाचली आहेत, आणि घरात मंगलकार्य असताना यिर्मयाचा विलाप. शास्त्र माझ्या हाती येते ते दुसऱ्या कोणीतरी दिलेले म्हणून, आणि मी ते पुढे देते ते माझे नव्हे म्हणून. ही शिस्त सुरुवातीला मला परकी वाटे. पुढे कळले की माझ्या रुचीपासून शास्त्राचे रक्षण करणारी अशी व्यवस्था नसती, तर काही वर्षांत माझ्याजवळ माझ्या स्वभावाच्या मापाचे एक छोटे बायबल उरले असते.

या शिस्तीची खरी कसोटी दर तीन वर्षांनी ऑगस्टच्या अखेरीस लागते. त्या रविवारी संत पौलाने इफिसकरांना लिहिलेल्या पत्रातील पाचवा अध्याय येतो, आणि त्यात पत्नींनी पतीच्या अधीन असावे असा उपदेश आहे. वाचनक्रमाने त्या दिवसासाठी हा भाग गाळलेला संक्षिप्त पाठही देऊन ठेवला आहे. परंतु आमच्या धर्मग्रामात दीर्घ पाठ वाचण्याची प्रथा आहे. एकदा मिस्सा संपल्यावर महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी माझ्याजवळ आली. "बाई, तुम्ही स्त्री असून हे वाचलंत. छोटा उतारा होता, तो का नाही घेतला?" तिच्या स्वरात उद्धटपणा नव्हता, दुःख होते. ते दुःख मला अपरिचित नव्हते.

मी तिला सांगितले की ते वाक्य एकटे नाही. त्याच्या आधीच्या वाक्यात सर्वांनी एकमेकांच्या अधीन राहण्याची आज्ञा आहे, आणि नंतर पतीकडून जी अपेक्षा आहे ती ख्रिस्ताच्या आत्मसमर्पणाइतकी मोठी आहे. संपूर्ण उतारा वाचला तर ज्याला सत्ता हवी आहे अशा पुरुषाला त्यात आधार सापडत नाही. तिने ऐकून घेतले आणि विचारले, "पण आमच्या घरी तर तेवढंच वाक्य सांगतात." या प्रश्नाचे उत्तर शास्त्राच्या पानात नाही. पान तेच असते आणि वाचणारे बदलतात. काही पिढ्यांनी त्या पानाच्या आधारे स्त्रीला गप्प बसवले आणि काहींनी त्याच पानावरून विवाहाला संस्कार मानले. शास्त्र स्वतःचा अर्थ स्वतः सांगते हे विधान ऐकायला भक्तिपूर्ण वाटते. पण ते पुरते असते तर त्या मुलीच्या घरी तेवढेच वाक्य उच्चारले गेले नसते. शास्त्राला वाचकांचा असा एक समुदाय लागतो, जो काल वाचले त्यापेक्षा आज अधिक खोल वाचू शकेल आणि चुकीच्या वाचनाला चूक म्हणू शकेल. कॅथलिक श्रद्धा ज्याला परंपरा म्हणते, ते अशा वाचनाचे सातत्य होय. रूढी आणि परंपरा यांत मी फरक करते तो येथे. रूढी पूर्वीचे वाचन गोठवून ठेवते. परंपरा ते जिवंत ठेवते, आणि जिवंत असते ते वाढते.

याच प्रश्नाचा दुसरा पैलू एका अंत्यविधीच्या दिवशी माझ्यासमोर आला. आमच्या नात्यातील एका बाईंचे सासर अहमदनगरकडील प्रॉटेस्टंट घराण्यातले. त्यांच्या अंत्यविधीच्या मिस्सेत मी ज्ञानग्रंथाचा तिसरा अध्याय वाचला. नीतिमान माणसांचे आत्मे देवाच्या हाती सुरक्षित आहेत, असे आश्वासन देणारा तो उतारा कॅथलिक अंत्यविधीत वारंवार वाचला जातो. त्यांचे वृद्ध दीर स्वतःचे बायबल घेऊन बसले होते, आणि त्यांना तो ग्रंथच सापडत नव्हता. दफनविधीनंतर त्यांनी अत्यंत आदराने विचारले, "ताई, हे पुस्तक आमच्या बायबलात नाही. तुम्ही कुठून आणलं?"

त्यांच्या बायबलात 66 पुस्तके होती, आमच्या बायबलात 73. तोबित, युदीथ, ज्ञानग्रंथ, बेनसिरा, बारूख आणि मक्काबींची दोन पुस्तके, शिवाय एस्तेर व दानिएल यांतील काही भाग एवढा तो फरक आहे. ही पुस्तके ख्रिस्तपूर्व काळातील ग्रीकभाषी यहुद्यांच्या शास्त्रसंग्रहात होती, आणि आरंभीच्या ख्रिस्ती समुदायांच्या हाती मुख्यतः तोच ग्रीक संग्रह होता. चौथ्या शतकात संत जेरोमला त्यांच्याविषयी शंका होती. त्याचा कल हिब्रू संग्रहाकडे होता. संत ऑगस्टीनने ती स्वीकारली. उत्तर आफ्रिकेतील 393 सालची हिप्पो येथील आणि 397 सालची कार्थेज येथील परिषद यांनी ती आपल्या यादीत घातली. सोळाव्या शतकात धर्मसुधारकांनी ती वेगळी काढली. मार्टिन ल्यूथरने आपल्या 1534 च्या जर्मन बायबलमध्ये ती दोन करारांच्या मध्ये, दुय्यम म्हणून ठेवली. 8 एप्रिल 1546 रोजी ट्रेंटच्या परिषदेने ती शास्त्राचाच भाग असल्याचे औपचारिकपणे घोषित केले.

त्या आजोबांना मी हे सारे सांगितले नाही. तो प्रसंग वादाचा नव्हता. परंतु घरी परतल्यावर एक गोष्ट माझ्या मनातून जाईना. त्यांच्या हातातील बायबलसुद्धा कोणाच्या तरी निर्णयातून आकाराला आले होते. ज्या काळात मराठी बायबलची भाषांतरे होत होती, त्याच काळात, 1826 च्या सुमारास, लंडनमधील ब्रिटिश अँड फॉरिन बायबल सोसायटीने ही पुस्तके असलेल्या आवृत्त्यांना आर्थिक साह्य द्यायचे नाही असे ठरवले. मराठी वाचकाला सामान्यतः जे बायबल परिचित आहे त्याचा आकार अशा निर्णयांनी घडला. केवळ शास्त्र मानणाऱ्या सज्जन माणसाच्या हातीही शास्त्र एका परंपरेने बांधून दिलेले होते. हे मी कोणाला निरुत्तर करण्यासाठी म्हणत नाही. ते आजोबा माझ्यापेक्षा अधिक नेमाने बायबल वाचत आणि त्यांचे जीवन त्या वाचनाची साक्ष देत होते. माझा मुद्दा एवढाच, की परंपरेविना शास्त्र कोणाच्याच हाती आलेले नाही. प्रश्न असतो तो आपली परंपरा आपल्याला ठाऊक आहे की नाही, हा.

नव्या कराराची 27 पुस्तके कोणती, हे नव्या करारातील कोणतेही पुस्तक सांगत नाही. इब्रीकरांस पत्राविषयी पश्चिमेत दीर्घकाळ संशय होता, प्रकटीकरणाच्या पुस्तकाविषयी पूर्वेत. चौथ्या शतकातील सिनाई हस्तलिखितात, आज बायबलमध्ये नसलेले 'हर्मासचा मेंढपाळ' आणि 'बर्णबाचे पत्र' हे दोन ग्रंथ शास्त्राबरोबर लिहिलेले सापडतात. आज आपण मानतो ती 27 पुस्तकांची नेमकी यादी अलेक्झांड्रियाचा बिशप अथानेशियस याच्या 367 सालच्या ईस्टरपत्रात आढळते, म्हणजे येशूच्या मृत्यूनंतर तीन शतकांहून अधिक काळ लोटल्यावर. त्या काळात ख्रिस्ती लोक विश्वास ठेवीत होते, स्नानसंस्कार घेत होते, ख्रिस्तप्रसाद ग्रहण करीत होते, आणि छळ होत असता प्राणही देत होते. त्यांच्याजवळ पूर्ण झालेले बायबल नव्हते. त्यांना प्रेषितांकडून मिळालेला विश्वास होता. संत पौलाने करिंथकरांना लिहिताना आपण जे सांगतो ते आपल्यालाही मिळालेलेच आहे, असे स्पष्ट केले आहे.

मग अधिकाराचे काय? येथे एका मराठी स्त्रीचा आवाज ऐकल्यावाचून पुढे जाणे मला अप्रामाणिक वाटते. पंडिता रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. त्यांना आश्रय देणारे संन्यासिनींचे मंडळ अँग्लिकन होते, कॅथलिक नव्हे; परंतु चर्चच्या अधिकाराविषयी त्याची धारणा आमच्याशी जवळची होती. पुढील काळात रमाबाईंनी त्याच मंडळातील सिस्टर जेराल्डीन यांच्याशी केलेला पत्रव्यवहार या प्रश्नावरील एक गंभीर दस्तऐवज आहे. त्रैक्याविषयीच्या आपल्या शंका त्यांनी लपवल्या नाहीत. चर्चने ठरवले म्हणून एखादे मत मान्य करण्यास त्यांनी नकार दिला. आपल्या देशातील पुरोहितवर्गाच्या सत्तेतून सुटून आलेल्या आपण दुसऱ्या तशाच सत्तेखाली का जावे, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, असे भारतातील बिशपांनी कळवले, तेव्हा तो प्रश्न अधिकच धारदार झाला. आयुष्याच्या उत्तरार्धात केडगावच्या मुक्तिसदनात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून साध्या मराठीत संपूर्ण बायबलचे भाषांतर केले. 1922 साली त्यांचे निधन झाले आणि ते भाषांतर 1924 मध्ये पूर्ण छापून निघाले.

मी रमाबाईंच्या निष्कर्षाशी सहमत नाही; माझा विश्वास चर्चमध्ये आणि चर्चसहच आहे. तरीही त्यांचा प्रश्न कोणत्याही कॅथलिक धर्मपंडिताने टाळू नये. शास्त्राचा अर्थ सांगण्याचा अधिकार काही माणसांच्या हाती आहे, असे म्हणताच तो अधिकार शास्त्राच्याच वरचढ होतो काय? पुरोहितवर्गाची सत्ता म्हणजे जी मिळालेल्या वचनाला स्वतःची मालमत्ता मानते, अशी त्यांच्या शंकेची फोड केली, तर ती शंका खुद्द कॅथलिक श्रद्धेच्या गाभ्यातून उठायला हवी.

ती उठलीही, आणि चर्चच्या सर्वोच्च सभेत उठली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचे पहिले सत्र 1962 च्या शरद ऋतूत भरले. कार्डिनल ओत्ताव्हिआनी यांच्या आयोगाने प्रकटीकरणाच्या स्रोतांविषयी एक मसुदा तयार केला होता. देवाचे प्रकटीकरण शास्त्र आणि परंपरा या दोन स्वतंत्र स्रोतांतून येते, अशी त्याची मांडणी होती. या मांडणीलाही इतिहास होता. ट्रेंटच्या परिषदेत सत्य अंशतः शास्त्रात आणि अंशतः अलिखित परंपरेत आहे अशी रचना प्रथम सुचवली गेली होती. अंतिम पाठातून ती 'अंशतः'ची विभागणी काढण्यात आली. तरी पुढील चार शतके पाठ्यपुस्तकांत दोन स्रोतांचीच भाषा रुळली. 14 नोव्हेंबरला चर्चा सुरू झाली तेव्हा अनेक बिशपांनी मसुद्यालाच आक्षेप घेतला. परंपरा ही शास्त्राला जोडलेली दुसरी पेटी आहे आणि तिच्या किल्ल्या रोमपाशी आहेत, असे चित्र त्यांना मान्य नव्हते.

20 नोव्हेंबरला मतदान झाले. या मसुद्यावरील चर्चा थांबवावी, म्हणजे तो बाजूला ठेवावा, या बाजूने 1368 मते पडली, विरुद्ध 822. बहुमत स्पष्ट असले तरी नियमाप्रमाणे दोन-तृतीयांश मते लागत होती आणि त्यांना सुमारे शंभर मते कमी पडली. नियमाच्या अक्षरानुसार अल्पसंख्याकांचा मसुदा चर्चेत राहिला असता. दुसऱ्याच दिवशी पोप तेविसावे जॉन यांनी हस्तक्षेप केला. त्यांनी मसुदा मागे घेऊन नव्या संयुक्त आयोगाकडे सोपवला, आणि त्याच्या नेतृत्वात ओत्ताव्हिआनी यांच्याबरोबर कार्डिनल बेआ यांनाही बसवले. आपला निर्णय त्यांनी लादला नाही. दोन मतांच्या माणसांना एकत्र बसून विचार करणे भाग पाडले. कॅथलिक चर्चमधील सर्वोच्च पदाचा मला ठाऊक असलेला हा अत्यंत सुंदर वापर आहे.

तीन वर्षांनी, 18 नोव्हेंबर 1965 रोजी, 'देई व्हर्बुम' हा दस्तऐवज 2344 विरुद्ध 6 मतांनी संमत झाला. शास्त्र आणि परंपरा एकाच दैवी उगमातून निघतात आणि एकाच दिशेने वाहतात, असे त्यात सांगितले आहे. अर्थ लावण्याचा अधिकार चर्चच्या शिक्षकवर्गाकडे आहे, हेही त्यात आहे. परंतु त्याच परिच्छेदात तो अधिकार देवाच्या वचनाच्या वर नसून त्याच्या सेवेत आहे, आणि जे सोपवले गेले तेवढेच शिकवण्यास बांधलेला आहे, असे स्पष्टपणे नोंदवले आहे. पेत्राच्या आसनावरील माणूसही प्रथम श्रोता आहे. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात जी ठेव राखण्याची आज्ञा आहे, ती ठेव त्याची नाही. तो तिचा राखणदार आहे.

राखणदार ठेव मोडू शकत नाही, तिच्यात भर घालू शकत नाही आणि ती दडवूनही ठेवू शकत नाही. पोपच्या अचूकतेविषयी आपल्याकडे सर्रास जो गैरसमज आहे, तो या दृष्टीने पाहिला तर दूर होतो. 18 जुलै 1870 रोजी पहिल्या व्हॅटिकन परिषदेने मांडलेला हा सिद्धांत पोपच्या प्रत्येक उद्गाराला लागू होत नाही. संपूर्ण चर्चसाठी, श्रद्धा किंवा नीती या विषयात, अंतिम म्हणून दिलेल्या व्याख्येपुरताच तो मर्यादित आहे. 1870 नंतर तशी औपचारिक व्याख्या एकदाच झाली. 1 नोव्हेंबर 1950 रोजी बाराव्या पायस यांनी मरियेचे स्वर्गोन्नयन श्रद्धेचे सत्य म्हणून घोषित केले. बायबलात ते स्पष्ट शब्दांत कोठेही नाही. परंतु 15 ऑगस्टचा तो सण पूर्वेकडील ख्रिस्ती लोक सहाव्या-सातव्या शतकापासून साजरा करीत आले होते, आणि घोषणेपूर्वी, 1946 मध्ये, पोपनी जगभरातील बिशपांना पत्र पाठवून त्यांचे व त्यांच्या लोकांचे मत विचारले होते. लोक ज्याची प्रार्थना शतकानुशतके करीत होते, ते अधिकाराने शेवटी उच्चारले.

सामान्य श्रद्धावंतांना विचारण्याची ही कल्पना कार्डिनल न्यूमन यांनी 1859 साली एका निबंधात मांडली होती. 325 च्या नायसिया परिषदेने ख्रिस्ताचे देवत्व निःसंदिग्ध शब्दांत मांडल्यानंतरही कित्येक दशके बिशपांचा मोठा वर्ग डळमळत राहिला, आणि त्या काळात सत्य धरून ठेवले ते सामान्य लोकांनी, असे त्यांनी इतिहासातून दाखवून दिले. या निबंधामुळे त्यांच्याविरुद्ध रोमकडे तक्रार गेली. पुढे त्याच चर्चने त्यांना 1879 मध्ये कार्डिनल केले आणि 2019 मध्ये संत म्हणून घोषित केले. आमच्या वाडवडिलांचा विचार करताना मला न्यूमन आठवतात. माझ्या लहानपणी घरात जपमाळ होती, बायबल नव्हते. मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. तरीही पापक्षमा, मृतांसाठी प्रार्थना, शेजाऱ्याचे ऋण यांविषयी माझ्या आजीच्या पिढीला जे निश्चित ज्ञान होते, ते ग्रंथ वाचलेल्या पुष्कळांपाशी नसते. त्यात उणीवही होती, हे मान्य केले पाहिजे. ग्रंथाचे दार त्यांच्यासाठी बंद राहिले, ही चर्चची हानी होती. श्रद्धावंतांसाठी शास्त्र खुले असावे, असे 'देई व्हर्बुम'ने सांगितले त्यामागे या हानीची जाणीव होती. वसईचे धर्मगुरू फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' 2010 मध्ये आले, तेव्हा आमच्या घरातील तीन पिढ्यांनी ते एकमेकांना वाचून दाखवले.

राखणदाराने विश्वासघात केला तर काय, हा प्रश्न मात्र या सर्व मांडणीने सुटत नाही. 2002 मध्ये बोस्टनमध्ये आणि त्यानंतर आयर्लंड, जर्मनी, फ्रान्स अशा देशांत जे उघड झाले, ते वाचून कोणताही कॅथलिक पूर्वीसारखा झोपू शकला असेल असे मला वाटत नाही. धर्मगुरूंनी मुलांवर अत्याचार केले, आणि अनेक बिशपांनी संस्थेच्या नावाला जपण्यासाठी ते झाकले. अचूकतेचा सिद्धांत आचरणाला लागू होत नाही, हे उत्तर शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे आणि पीडितांपुढे उच्चारण्यास अयोग्य आहे. संस्थेचे नाव ही ठेव नव्हती. ज्या मुलांना येशूने आपल्याजवळ येऊ देण्यास सांगितले, ती मुले ठेव होती. 2019 मध्ये अशा तक्रारी वरिष्ठांना कळवणे पोप फ्रान्सिस यांनी धर्मगुरूंवर आणि संन्यस्तांवर कायद्याने बंधनकारक केले. ते आवश्यक होते, आणि फार उशिरा झाले.

येथे मला परिषदेतील एक कमी ऐकले गेलेले भाषण महत्त्वाचे वाटते. 1964 च्या सप्टेंबरमध्ये शिकागोचे कार्डिनल आल्बर्ट मेयर यांनी सांगितले की परंपरेची वाढ होते हे खरे, पण यात्रेकरू चर्चच्या इतिहासात परंपरा मंद पडते, एखाद्या बाजूला झुकते, वाकडीही होते. म्हणून शास्त्राने तिला सतत तपासले पाहिजे. ही सूचना दस्तऐवजात आली नाही. त्या वेळी कोलोनच्या कार्डिनलचे तरुण सल्लागार असलेले योसेफ रात्झिंगर, जे पुढे पोप सोळावे बेनेडिक्ट झाले, त्यांनी आपल्या भाष्यात याविषयी खेद व्यक्त केला. मला ही त्रुटी मोठी वाटते. वाढणाऱ्या गोष्टीला छाटणीही लागते, आणि छाटणीचे नियम परिषदेने लिहून ठेवले असते, तर पुढच्या पिढ्यांना ते उपयोगी पडले असते.

नियम आणि ठेव यांतील फरक मात्र मला माझ्याच सेवेत अनुभवायला मिळाला. 1972 च्या नियमानुसार औपचारिकपणे स्थापित वाचक होण्याचा अधिकार केवळ पुरुषांना होता. माझ्यासारख्या स्त्रिया वाचत असत ते तात्पुरत्या अनुमतीने. 10 जानेवारी 2021 रोजी पोप फ्रान्सिस यांनी धर्मकायद्यातील ते कलम बदलले. वरवर पाहता माझ्या कामात काहीच फरक पडला नाही. आतून मात्र फार फरक पडला. इतकी वर्षे मी जे वाचत होते, ते वाचण्याचे मूळ स्नानसंस्कारात होते आणि ते पुरुषाइतकेच माझ्या ठायी होते, याची चर्चने दिलेली ती कबुली होती. आज्ञापालन आणि प्रतीक्षा यांतील अंतर मी या काळात शिकले. प्रतीक्षा करणाऱ्याला प्रश्न विचारता येतात, आणि ते विचारण्याचे कर्तव्यही त्याच्यावर असते.

2021 च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालेल्या सिनॉडच्या प्रक्रियेत आमच्यासारख्या धर्मग्रामांतील लोकांना औपचारिकपणे विचारले गेले. आमच्या सभेत स्त्रिया पुरुषांपेक्षा अधिक बोलल्या. कोणी प्रवचनांविषयी बोलले, कोणी विभक्त झालेल्या दांपत्यांविषयी, कोणी धर्मग्रामाच्या पैशांविषयी. टिपणे घेण्याचे काम माझ्याकडे होते. आमचा अहवाल धर्मप्रांताच्या कार्यालयात गेला. 2023 च्या रोममधील सभेत स्त्रियांनी प्रथमच मतदान केले. 26 ऑक्टोबर 2024 रोजी संमत झालेला अंतिम दस्तऐवज पोप फ्रान्सिस यांनी स्वतःचे वेगळे पत्र न लिहिता तसाच स्वीकारला. त्यात पारदर्शकता, उत्तरदायित्व आणि मूल्यमापन यांवर स्वतंत्र परिच्छेद आहेत. स्त्रियांना डीकनपद देण्याचा प्रश्न त्यात खुला ठेवला आहे. आमच्या धर्मग्रामात आता वर्षाचा हिशेब सूचनाफलकावर लावला जातो. धर्मग्राम समितीत स्त्रियांना किती जागा असाव्यात, यावरची चर्चा अजून संपलेली नाही.